दोन्हीकडे सिंह

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत गुणाकाराला ‘ज़र्ब’ म्हणतात. मी तिथे मराठी शिकवते, पण शेजारच्या वर्गातला गणिताचा तास भिंतीतून ऐकू येतोच: सात ज़र्ब आठ, छप्पन्न. ज़र्ब म्हणजे मुळात मार, ठोका. जुन्या नाण्यांवर फारसीत ‘ज़र्ब सूरत’ असे लिहिलेले असते, म्हणजे हे नाणे सुरतेला ठोकले. ‘सिक्का’ हा शब्दही असाच आहे. अरबीत सिक्का म्हणजे आधी नाणे नव्हे, तर नाणे ज्या ठशाने ठोकतात तो लोखंडी ठसा. नंतर ठशाचे नाव नाण्याला पडले. इटालियन भाषेत टांकसाळीला ‘झेक्का’ म्हणतात, तोही हाच शब्द, समुद्र ओलांडून गेलेला.

हे सगळे मला मरहूम अब्बांनी सांगितले. अब्बा पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते. जेवणाच्या सुटीत डबा पटकन संपवायचा आणि फोर्टच्या फुटपाथवर जुनी नाणी घेऊन बसणाऱ्यांकडे जायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. शहीद भगतसिंग मार्गावरची खांबांची जुनी टांकसाळ आणि तिच्या समोरची रिझर्व्ह बँक यांच्यामधून चालताना ते मला म्हणायचे, ‘‘इकडे रुपया जन्मतो आणि तिकडे त्याचा हिशेब ठेवतात.’’ १९९३ च्या उन्हाळ्यात आम्ही डोंगरीची खोली सोडून मीरा रोडला नया नगरमध्ये आलो. त्या घाईत बरेच सामान मागे राहिले. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मात्र अब्बांनी लोकलमध्ये स्वतःच्या मांडीवर ठेवून आणला.

अब्बा गेल्यावर तो डबा उघडायची वेळ आली, कारण तरका वाटायचा होता. फ्लॅट अम्मींच्या नावावर, बँकेत थोडे पैसे, आणि हा डबा. वारस चार: अम्मी, आम्ही दोघी बहिणी आणि सगळ्यात धाकटा भाऊ. आठवा हिस्सा अम्मींचा, उरलेल्यात भावाचे दोन आणि आमचा एकेक. म्हणजे बत्तीस भाग करायचे. चार अम्मींचे, चौदा भावाचे, सात-सात आमचे. गणित सोपे होते. पण डब्यातल्या वस्तूंची किंमत कळल्याशिवाय बत्तीस भाग कशाचे करणार?

प्रत्येक नाणे मलमलीच्या छोट्या पुरचुंडीत होते आणि सोबत एक रजिस्टर होते, अब्बांच्या बारीक उर्दू अक्षरात. कुठे घेतले, कितीला घेतले, काय पाहिले. धाकटी बहीण थोडेफार वाचते. भाऊ नया नगरला आल्यावर इंग्रजी शाळेत गेला, त्याला उर्दू बोलता येते पण वाचता येत नाही. अम्मींना मोतीबिंदू. त्यामुळे रजिस्टर वाचायचे काम माझ्याकडे आले.

डब्यात चांदीचे रुपये तेवीस होते. त्यांतल्या काहींवर शाह आलमचे नाव होते. ते पाहून मला नेहमी गंमत वाटते. ईस्ट इंडिया कंपनी मुंबईत सुरती रुपया पाडत होती, पण त्यावर आपले नाव घालायची तिची हिंमत नव्हती. लोक बादशहाच्या नावाचाच रुपया ओळखत. म्हणून एका बाजूला ‘सिक्का मुबारक बादशाह गाज़ी शाह आलम’ आणि दुसऱ्या बाजूला ‘ज़र्ब सूरत, सन ४६ जुलूस’. जुलूस म्हणजे इथे मिरवणूक नाही, तख्तावर बसणे. राज्यारोहणाचे ४६ वे वर्ष. शाह आलम १८०६ मध्ये अल्लाहला प्यारे झाले, तरी कंपनीच्या रुपयावर ४६ वे वर्ष चालूच राहिले. १८३५ च्या कायद्याने सगळ्या हिंदुस्थानाला एकच रुपया आला, त्यावर इंग्रज राजाचा चेहरा आला, तेव्हा कुठे हा गोठलेला आकडा सुटला.

मोगल नाण्यावर दोन तारखा असतात. बहुधा एका बाजूला हिजरी सन, दुसऱ्या बाजूला जुलूसचे वर्ष. दोन बाजूंचे दोन ठसे. आता टांकसाळीतल्या कारागिराने नव्या वर्षाचा एक ठसा लावला आणि दुसरा मात्र गेल्या वर्षाचाच राहू दिला, तर काय होईल? दोन्ही तारखा एकमेकींशी जुळणार नाहीत. अशी नाणी अभ्यासकांना सापडतात. ज्या दोन ठशांची जोडी व्हायला नको होती त्यांची जोडी झाली, की त्या नाण्याला जगभरचे संग्राहक एकच नाव देतात: खेचर. अब्बा उर्दूत ‘ख़च्चर’ लिहायचे. घोडा आणि गाढव यांच्या संकरातून झालेले, ना इकडचे ना तिकडचे.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांची ब्राँझची पदके सरकारी टांकसाळ काढते. तिथेही हा शौक आहे: एका राष्ट्राध्यक्षाचा चेहरा आणि मागे दुसऱ्याचाच मजकूर, अशी चुकीच्या जोडीची पदके शोधणारे लोक आहेत. त्या पदकांची परंपरा तिथल्या मूळ रहिवाशांच्या सरदारांना द्यायच्या चांदीच्या ‘शांतता पदकां’पासूनची. जेफरसनच्या काळापासून कितीतरी वर्षे त्यांची मागची बाजू एकसारखीच असे: हातात हात, वर एकमेकांवर ठेवलेली कुऱ्हाड आणि चिलीम, आणि शांतता व मैत्रीचे शब्द. जमिनी कुणाच्या गेल्या हे आपल्याला ठाऊक आहे. पदकावर मात्र मैत्रीच राहिली. मागची बाजू सगळ्यांची एक असेल तर जोडी चुकली तरी कळणार नाही. मागे नाव-तारीख आली की चूक बोलू लागते.

नाण्यांतले अलीकडचे दोन किस्से अब्बांच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानांवर होते. २००० साली अमेरिकेत एक डॉलरचे सोनेरी नाणे निघाले, पुढे वॉशिंग्टन आणि मागे उडता गरुड. गरुड डॉलरचा, पण वॉशिंग्टन पाव डॉलरच्या नाण्यावरचा. दोन्ही नाण्यांच्या आकारात दोन मिलिमीटरचाच फरक, त्यामुळे चुकीचा ठसा यंत्रात बसला. अशी नाणी आजवर वीसच्या आसपासच माहीत आहेत. ब्रिटनमध्ये २००८ साली वीस पेन्सच्या नाण्याचे चित्र बदलले. पूर्वी साल मागच्या बाजूला असे, ते पुढे, राणीच्या बाजूला आणले. काही नाण्यांवर पुढचा ठसा जुना आणि मागचा नवा लागला. परिणाम, साल कुठेच नाही! तीनशेहून अधिक वर्षांत तिथे असे बिनसालाचे नाणे निघाले नव्हते.

हे वाचून मी सातवीच्या मुलांना घरून नाणी आणायला सांगितली. आपल्या २००७ नंतरच्या हस्तमुद्रेच्या मालिकेतला एक रुपया आणि २०११ च्या मालिकेतले दोन रुपये एकावर एक ठेवले तर काठ जुळतो. दोन्ही २५ मिलिमीटर. २०११ चा रुपया तर आधीच्या पन्नास पैशांएवढाच, २२ मिलिमीटर. रिक्षावाल्याशी यावरून किती वाद झाले असतील! मग मुलांनी सालाच्या खालची खूण पाहिली. चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. पंचेचाळीस मिनिटांचा तास कधी संपला कळले नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या आईने निरोप पाठवला, ‘‘मॅडम, तो आता गल्ल्यातले पैसे मोजायलाच देत नाही, आधी खूण बघतो.’’ फोर्टमध्ये फिरोजशहा मेहता रोडवर रिझर्व्ह बँकेचे नाण्या-नोटांचे संग्रहालय आहे. २००४ मध्ये त्याचे उद्घाटन तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी केले. मुलांना घेऊन एकदा जरूर जा. मोगल रुपया काचेआड पाहणे आणि पुस्तकात पाहणे यात फरक आहे.

आता डब्यातल्या त्या नाण्याकडे येते, ज्यासाठी हे सगळे लिहायला बसले.

पोलादी एक रुपया. १९९२ पासून निघत होता तो, कणसांचा. पुढे अशोकस्तंभाचे सिंह, मागे कणसे, ‘१’ आणि साल. अब्बांच्या नाण्यावर दोन्ही बाजूंना सिंह. कणीस नाही, एक नाही, साल नाही. लहानपणापासून आम्ही ते पाहत आलो. पाहुणे आले की अब्बा ते दाखवत आणि म्हणत, ‘‘बघा, हा रुपया स्वतःची किंमत सांगत नाही.’’

भावाने त्याचा फोटो कुणाला तरी पाठवला. त्याचे स्टेशनजवळ मोबाईल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. मुलाला डिप्लोमाला प्रवेश मिळालेला, जूनमध्ये पंचावन्न हजार भरायचे होते. वसईच्या एका संग्राहकाने फोटो पाहून चाळीस हजार सांगितले. आगाऊ पैसे मागणारा हा माणूस नव्हता, एवढे मी आधी विचारून घेतले. आमच्याच इमारतीतल्या एका खालांना ‘तुमच्या पाच रुपयांचे पाच लाख’ म्हणून फोन आला होता. नोंदणीची फी, मग कर, मग आणखी काहीतरी, असे करत त्यांचे बावीस हजार गेले. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्येच सांगून ठेवले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी बँक कुठलीही फी घेत नाही आणि आपल्या नावाने ती गोळा करायचा अधिकारही कुणाला देत नाही. वसईचा माणूस मात्र घरी येऊन, नाणे हातात घेऊन, रोख द्यायला तयार होता.

भाऊ खुशीत होता. ‘‘आपा, चाळीस हजारांचे बत्तीस भाग करा. तुमचा हिस्सा मी नंतर देईन, आत्ता फी भरू द्या.’’

मी रजिस्टर उघडले. ते पान मला आदल्या रात्रीच सापडले होते. १९९६ ची नोंद. ‘दोनों रुख़ शेर. फोर्ट. बारा सौ.’ बाराशे रुपये! त्या साली ईदला आम्हा बहिणींना एकाच तागाचे कपडे शिवले होते, ते का, हे मला आत्ता कळले. त्याच्या खाली वेगळ्या शाईत, नंतर कधीतरी लिहिलेली ओळ: ‘जोड़ है. किसी को बेचना नहीं.’

घरात ते वाचता येणारी मी एकटीच जागी होते. सकाळी अम्मी, बहीण, भाऊ सगळे बसलेले असताना मी ते मोठ्याने वाचले. भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘अब्बांना शक आला असेल. शक म्हणजे खात्री नव्हे. अब्बा काही टांकसाळीत कामाला नव्हते.’’

बोलणे चुकीचे नव्हते. म्हणून दुपारी आम्ही दोघे ते नाणे घेऊन मोहल्ल्यातल्या सोनाराकडे गेलो. ‘जोड’ म्हणजे काय ते सांगते, कारण असे नाणे तुमच्याही घरी निघू शकते. दोन खरी नाणी घेतात. एकाची मागची बाजू आतून कोरून काढतात, काठ तसाच ठेवतात, वाटीसारखे. दुसऱ्याचा काठ तासून त्याची चकती त्या वाटीत बसवतात. दोन्ही बाजूंना सिंह! हातचलाखी करणारे जादूगार अशी नाणी वापरतात. छापा म्हटले की छापाच पडणार. सांधा बाहेरच्या काठावर नसतो, म्हणून दिसत नाही. तो असतो आतल्या कडेला, जिथे उंच काठ संपून सपाट भाग सुरू होतो तिथे. बऱ्याच टांकसाळींच्या यंत्रांत वरच्या आणि खालच्या ठशाची बैठक वेगळ्या आकाराची असते, त्यामुळे एकाच बाजूचे दोन ठसे समोरासमोर बसणे फार कठीण. दोन भिन्न नाण्यांचे खेचर एकवेळ होईल; दोन्हीकडे तोच चेहरा असेल तर आधी जादूगाराची आठवण काढावी.

सोनाराने आधी साधा रुपया तराजूवर ठेवला: ४.८५ ग्रॅम, बरोबर असायला हवा तेवढा. अब्बांचा भरला ४.५८. मग त्याने दोन्ही नाणी फरशीवर टाकली. एक खणखणीत वाजला. दुसरा टप्पकन पडला, जसा लाकडावर चमचा पडावा. भिंगातून मी पाहिले तेव्हा एका बाजूला काठाच्या आत केसाएवढी गोल रेघ होती. भावानेही पाहिली. भिंग त्याने जरा जास्त वेळ डोळ्याला लावून ठेवले.

वाटेत हैदरी चौकात तो म्हणाला, ‘‘आपा, तो स्वतः येणार, स्वतः बघणार. त्याला कळलं नाही तर तो त्याचा प्रश्न. आपण कुठे खोटं बोलतोय? आपण फक्त बोलत नाही.’’ पंचावन्न हजारांचे ओझे ज्याच्या डोक्यावर असते त्याला असे वाटते, यात मला नवल वाटले नाही. माझ्या पगारातून घराचा हप्ता जातो, मी त्याला त्या क्षणी काही देऊ शकत नव्हते. म्हणून उपदेश करायलाही जीभ वळेना.

घरी अम्मींनी ऐकून घेतले. त्यांनी मदिनेच्या बाजाराची गोष्ट काढली, जी आम्ही सगळ्यांनी मदरशात ऐकलेली आहे. प्रेषितांनी (सल्ल.) धान्याच्या ढिगात हात घातला, आत धान्य ओले लागले. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर आपण म्हणाले की मग ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते. ‘‘त्या व्यापाऱ्यानेही तोंडाने काही खोटं सांगितलं नव्हतं,’’ अम्मी एवढेच बोलल्या आणि असरच्या नमाजला उठल्या.

हा व्यवहार तसा उलटा आहे. आपल्या शरीयतमध्ये मालात ऐब असेल तर तो सांगायलाच हवा, नाहीतर घेणाऱ्याला माल परत करायचा हक्क. पण इथे माणूस ऐबाचेच पैसे देणार होता! टांकसाळीची चूक म्हणजे त्याच्यासाठी खजिना. आमच्या नाण्यात टांकसाळीची चूक नव्हती, हाच त्याचा ऐब.

मगरिबनंतर भावाने वसईला फोन लावला. स्पीकरवर नाही, गॅलरीत जाऊन. दोन मिनिटांत परत आला. ‘‘सांगितलं. म्हणाले, बरं झालं, येण्याचा खेप वाचला.’’ त्या माणसाचा पुन्हा फोन आला नाही. भाऊ चार दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलला.

फीचे झाले असे की आम्ही चांदी मोजली. तोळा मुळात रुपयाच्या वजनाचा, कंपनीने १८० ग्रेनचा रुपया ठरवला तोच तोळा. ज़कातसाठी आपण साडेबावन्न तोळे चांदी म्हणतो, ते म्हणजे तसल्या साडेबावन्न रुपयांचे वजन. अब्बा दर रमज़ानमध्ये हे तेवीस रुपये बाकीच्या बचतीत धरून हिशेब करत. छंदाची असली तरी चांदी ती चांदीच, असे त्यांचे म्हणणे. फोर्टमधल्या दोन जुन्या दुकानदारांकडून मी किंमत काढली. शाह आलमचे रुपये चांदीच्या भावापेक्षा बरे गेले. भावाच्या चौदा भागांत धाकट्या बहिणीने आपले सात घातले, दोन वर्षांच्या बोलीवर, कागदावर लिहून. तरी अठरा हजार कमी पडले. ते त्याने दुकानाच्या मालातून काढले. मुलगा कॉलेजला जातो आहे.

दोन सिंहांचा रुपया वाटणीत कुणी धरला नाही. तो चिठ्ठीसह रजिस्टरमध्ये ठेवला आहे, आणि चिठ्ठीवर मी मराठीतही लिहिले आहे, ‘जोड आहे, विकू नये’, म्हणजे माझ्यानंतर कुणी वाचेल त्याला अडचण नको.

अम्मींच्या चार भागांत त्यांनी एकच नाणे मागून घेतले, १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. त्याची कथा वेगळी. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक हत्ती कोरलेला आहे, पण सोंड अशी आखूड निघाली की लोकांना ते डुक्कर वाटले. मुसलमानांनी रुपया हातात घ्यायला नकार दिला. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत सुमारे चौऱ्याण्णव लाख रुपये पाडून झाले होते. त्यातले सात लाखांच्या आसपासच बाहेर गेले, बाकीचे वितळवले आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला. संग्राहक आजही त्याला डुक्कर-रुपयाच म्हणतात आणि चार पैसे जास्त देतात. आमच्या दादी तो घरात ठेवू देत नव्हत्या. अब्बांनी तो बरीच वर्षे ऑफिसच्या खणात ठेवला होता.

अम्मींचा मोतीबिंदू गेल्या महिन्यात काढला. पट्टी सुटल्यावर त्यांनी सोनाराचे भिंग मागवले, खिडकीत बसून तो रुपया बराच वेळ फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘हत्तीच आहे. पायांवरून कळतं. तुझ्या दादीला दाखवायला हवं होतं.’’